गोष्ट संपेपर्यंत पिशवी उघडायची नाही

कौसल्याबाईंचं अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य ठरलेलं असे. "हे भाजलं नाही, हे कोड हाये. लागत नाही. आता चहा सांगा." बँकेतला साहेब असो, मतदार यादीवाले मास्तर असोत की कोणाकडे मुलगी पाहायला आलेले पाहुणे असोत, बाई दारातूनच हे तीन तुकडे टाकायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावं की भिंतीकडे, ही समोरच्याची अडचण तिथल्या तिथे मिटायची. आणि चहा खरंच यायचा.

१९९९ च्या जूनमध्ये मी त्यांच्या गावच्या मच्छीमार संस्थेत कारकून म्हणून लागलो, तेव्हा मलाही हेच वाक्य मिळालं. गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, एसटी दिवसातून तीनदा. मी गोंदियाजवळच्या गोरेगावचा, सत्तावीस वर्षांचा. संस्था म्हणजे एक खोली, एक कपाट, खिळ्याला टांगलेली जाळी आणि मागच्या दारात तलाव. बाई संस्थेच्या पंचांपैकी एक होत्या. आपलं सांगून झाल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं.

मला नाव सांगायला वेळ लागतो. लहानपणापासून मी बोलताना अडतो, आणि सगळ्यात जास्त अडतो तो स्वतःच्याच नावावर. खोलीत चार माणसं होती. त्यांतल्या एकानं मदत म्हणून दोन-तीन नावं सुचवून पाहिली. लोक सुचवतात. बाईंनी त्याला हातानंच गप्प केलं आणि माझं नाव बाहेर येईपर्यंत माझ्याकडे पाहत बसल्या; उशीर झालेल्या एसटीची वाट पाहावी तशा, येणारच आहे या खात्रीनं. आलं तेव्हा म्हणाल्या, "चांगलं हाये. एवढा वेळ लावून आलं तं चांगलंच असन."

पण पुढच्या बारा वर्षांत त्यांनी ते नाव कधी वापरलं नाही. मी सगळ्यांचा होतो तसा त्यांचाही 'बाबू'च राहिलो.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे असतील. उंच, हाडापेरानं मजबूत, डोंगा वल्हवून खांदे रुंद झालेले. चेहऱ्याचा डावा भाग, गळा आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. त्या म्हणायच्या, देवानं मले कतला मासोळीवानी करायचं ठरवलं होतं, पाठ काळी न् पोट पांढरं, पन रंग सांडला. हे वाक्य ऐकून पहिल्यांदा मी हसलो आणि मग हसलो म्हणून घाबरलो. बाईंनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "हास गा. हासालेच सांगितलं न् मी."

आता बाईंची मुख्य गोष्ट. आमच्याकडे पावसाळ्यात, नेमकी धानाची रोवणी चालू असते तेव्हाच, तलावात माशांचं बीज सोडतात. बीज म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं, रोहूची, कतल्याची. ती प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांतून गाडीनं येतात. खाली पाणी, वर हवा, तोंड घट्ट बांधलेलं. पिशवी आली की लगेच उघडायची नसते. तशीच बांधलेली तलावावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढं थंड होईपर्यंत. अर्धा तास तरी. घाई केली तर पिल्लांना झटका बसतो. त्या वेळी ती छान पोहत जातात आणि दुसऱ्या दिवशी उताणी वर येतात.

अर्धा तास नुसतं बसणं हे माणसांना जमत नाही. कोणी उगाच गाठ चाचपून पाहतो, कोणी म्हणतो झालं असेल, कोणाची बाई धानाच्या बांधीत वाट पाहत असते. यावर बाईंनी फार वर्षांपूर्वी तोड काढली होती. पिशव्या पाण्यावर टाकल्या की त्या तलावाच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर बसायच्या, पदर खोचायच्या आणि आपली एखादी फजिती सांगायच्या. गोष्ट संपेपर्यंत पिशवी उघडायची नाही, हा गावाचा नियम झाला होता. गोष्टी मापाच्या होत्या. उन्हाचा दिवस असला की लांब गोष्ट, आभाळ असलं की आखूड. बायका-पुरुष चिखलाच्या पायांनी येऊन बसायचे, आणि संपल्यावर वाईट वाटायचं की मासे तयार झाले.

बकरीची गोष्ट सगळ्यांत आवडती. लग्नानंतर दोन वर्षांनी बाईंच्या गालावर पहिला डाग उठला, तेव्हा सासऱ्यानं एक वैदू आणला. त्यानं बावचीचं बी वाटून, चिकटून राहावी म्हणून गुळात कालवून तोंडाला फासली आणि रोज दुपारी उन्हात निजायला सांगितलं. बाई अंगणात निजल्या. झोपेत त्यांना वाटलं, नवऱ्याला आज फारच माया आली. डोळे उघडले तर दाढी होती, पण नवऱ्याची नव्हती. शेजारची बकरी अर्धं तोंड चाटून बसली होती. दुसऱ्या दिवशी बकरी वेळेवर हजर. तिसऱ्या दिवशी तिनं पिल्लं आणली. इथे बाई थांबायच्या, पाण्याकडे पाहायच्या, आणि सावकाश म्हणायच्या, "महिनाभर खाल्लं तिनं. तिच्या जिभेवर काही उगवलं नाही, तं माह्या गालावर काय उगवन?"

हीच गोष्ट मी बारा वर्षांत सहा-सात वेळा ऐकली असेल. दर वेळी बकरीच्या पिल्लांची संख्या वेगळी.

साक्षरतेच्या वर्गात बाई चाळिशीनंतर अक्षरं शिकल्या होत्या. मी आल्यावर त्यांनी संस्थेचं एक जुनं, मागच्या बाजूनं कोरं रजिस्टर मागून घेतलं आणि वर लिहिलं, 'माह्या फजित्या'. प्रत्येक फजितीला नंबर. अक्षर मोठं, एका पानात आठ-दहा ओळी. कोणतीही फजिती त्या आधी तीनदा तोंडी सांगायच्या आणि तिन्ही वेळा लोक हसले तरच लिहायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "सांगताना माहा गळा दाटला तं ते अजून कच्चं हाये. कच्चं वाढू नये. पोट दुखते."

नऊ नंबरचं पान मात्र कोरं होतं. पुढे दहा, अकरा, बारा लिहून झाले तरी नऊ कोरंच. ते नवऱ्यानं माहेरी पाठवल्याचं होतं. एका पावसाळ्यात त्यांनी ते पाळीवर सांगायला घेतलं, मधेच थांबल्या आणि बकरीवर वळल्या. पुढच्या वर्षी बिजाच्या तीन गाड्या आल्या, तिन्ही वेळा शेवटापर्यंत नेलं. नवऱ्यानं दुसरी केली, यांना एक पत्र्याची पेटी देऊन एसटीत बसवून दिलं. गाडी खचाखच. पण त्यांच्या शेजारी बसलेली बाई डाग पाहून उठली, मग समोरचा उठला, मग मागचे सरकले. "अख्खी शीट माही. पेटी उशाले घेतली न् अर्जुनीपर्यंत झोपली. महाराणीवानी आली मी माहेरी. कंडक्टर उठवाले आला तं तोही लांबूनच." तिसऱ्यांदाही सगळे हसले. बाईही हसल्या, खळखळून, आणि मी पाहिलं की त्यांचा गळा दाटला नाही. संध्याकाळी नऊ नंबर लिहून झाला.

आता मी माझ्याकडे येतो. टाळत होतो.

२००१ च्या पावसाळ्यात बिजाची गाडी एक दिवस फार लवकर आली. गाव रोवणीवर गेलेलं. बाईंचा निरोप आला होता की पिशव्या पाण्यावर ठेवा, मी येऊन राहिली. गाडीचा ड्रायव्हर गोंदियाचा, दरवर्षी येणारा, आमची पद्धत माहीत असलेला. दोघांनी मिळून बारा पिशव्या काठापर्यंत आणल्या. तो दगडावर बसला, बिडी काढली आणि म्हणाला, "चलो बाबू, आज बाई नहीं है, तो कहानी तुम सुनाओ. आधा घंटा तो बैठना ही है." मी हसून मान हलवली. त्यानं काडी ओढता ओढता म्हटलं, "क-क-कहानी."

तो दुष्ट नव्हता. बिडी पेटायच्या आत तो हे विसरलाही असेल. पण मला त्याच्याबरोबर तिथे अर्धा तास बसायचं होतं, गोष्टीविना, आणि त्या अर्ध्या तासातलं प्रत्येक मिनिट मला दिसायला लागलं. मी काठावरची पहिली पिशवी उचलली, पाण्यात उतरलो आणि तिची गाठ सोडली. तो म्हणाला, "अरे, रुको ना." मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर बोलून द्यावं लागतं. दहा मिनिटांत बारा पिशव्या रिकाम्या झाल्या. पिल्लं सळसळत गेली. ड्रायव्हरनं खांदे उडवले आणि गाडी वळवून निघून गेला.

बाई आल्या तेव्हा मी रिकाम्या पिशव्या गोळा करत होतो. गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकत. त्यांनी एक पिशवी हातात घेतली आणि बाहेरून हात फिरवला. पाण्यावर तरंगलेली पिशवी बाहेरूनही ओली असते. ही कोरडी होती. त्यांनी दुसरी घेतली. तीही. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "गेले का चांगले?" मी मान हलवली. मग बाईंनी बाराच्या बारा पिशव्या एकेक करून तलावात बुडवल्या आणि काठच्या बेशरमाच्या झुडपांवर निथळत टांगल्या.

दुसऱ्या दिवशी काठ उताण्या पिल्लांनी पांढरा झाला होता. बगळ्यांची पंगत बसली होती.

तिसऱ्या दिवशी मीटिंग. अध्यक्ष सदाशिवजी, मोठा माणूस, मोठ्या आवाजाचा, मनानं साधा. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, बीज कोणी सोडलं. मी "मी... मी..." म्हणालो आणि अडकलो. सगळ्यांनी सवयीनं नजरा खाली घेतल्या. तेवढ्यात बाई उठल्या.

"त्याले कायले उभा करता गा? बीज मी सोडलं. रोवणीची घाई होती, गोष्ट अर्धीच सांगितली."

मागून कोणी तरी विचारलं, "कोनती सांगत होती वो बाई?"

"बकरीची."

"मंग बकरीनंच खाल्लं म्हना बीज."

खोली हसली, आणि त्या हसण्यात माझी सुटका झाली. मी खाली बसलो. शिक्षा अशी झाली की बाईंनी यापुढे बिजाजवळ यायचं नाही. सदाशिवजी स्वतः घड्याळ लावून बसतील. बाईंनी मान डोलावली.

त्या साली तलावात मासोळी फार कमी निघाली. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घरोघरी पाहुणे आले आणि मासोळीच्या जागी वांग्याची भाजी जेवून गेले. मी ज्या घरी जेवायला जायचो तिथेही वांगंच. त्या हिवाळ्यात मला वांगं गिळवत नव्हतं, आणि कारण विचारलं तर पित्त सांगायचो.

दोन पावसाळे बाई पाळीवर आल्या नाहीत. बीज यायचं तेव्हा त्या तलावाच्या पलीकडच्या काठावर जाळं निवडत बसलेल्या दिसायच्या, पाठमोऱ्या. इकडे सदाशिवजी मनगट डोळ्यांसमोर धरून बसायचे आणि दर दोन मिनिटांनी कोणी तरी विचारायचं, किती झालं. घड्याळाला कोणी हसत नव्हतं. लोक गाठी चाचपायचे, कुरकुरायचे, उठून जायचे. दुसऱ्या वर्षी ते घड्याळ पावसाचं पाणी जाऊन सव्वादहावर बंद पडलं, आणि सदाशिवजी तास-सव्वातास 'अजून सव्वादहाच होऊन राहिले' म्हणत बसले. गोष्ट गावभर झाली. तिसऱ्या वर्षी तेच बाईंच्या दारात गेले आणि म्हणाले, "चल वो बाई. घड्याळात काही मजा नाही." बाई गेल्या, आणि पाळीवर बसून पहिली फजिती सांगितली ती सदाशिवजींच्या परवानगीनं सदाशिवजींचीच.

याच सुमारास माझं लग्न ठरलं. अर्जुनीला मुलगी पाहायला जायचं होतं. माझ्या काकांचा बेत होता की मी कमीत कमी बोलावं, सगळं ते बोलतील. बाईंना हे कळल्यावर त्यांनी मला संस्थेत गाठलं. म्हणाल्या, दारातच सांगून टाक. आपलं व्यंग आपणच पहिले सांगितलं तं लोकाईजवळ उरते काय? आणि मग चहा सांग. मी तसंच केलं. अर्थात चहाच्या 'च'वर अडलो. पुढे बायकोनं मला सांगितलं की, तिला वाटलं होतं हा माणूस फार विचार करून बोलतो. तिचा हा गैरसमज अजून पूर्ण गेलेला नाही.

एवढं सांगणं मला जमलं. ते दुसरं जमलं नाही.

मग एकदा बाईंनी वही पुठ्ठा घालायला माझ्याकडे दिली. मी पानं चाळली. एकवीस नंबर होता, मग तेवीस. मधलं पान कोरं, वर फक्त बावीसचा आकडा. मी विचारलं, ही अजून कच्ची आहे का? बाई सुतळी ओवत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "ते माही नाही. दुसऱ्याची फजिती आपन लिहिली तं ते चहाडी होते. जागा ठेवली हाये."

मी पुठ्ठा घालून वही परत केली. पुठ्ठा फार छान घातला होता. त्यानंतरही पाच-सहा वर्षं मी गप्प राहिलो. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही, टोमणा मारला नाही, माझ्या मुलीच्या बारशाला येऊन तिलाच बकरीची गोष्ट सांगून गेल्या. त्यांनी एकदा तरी चिडावं असं मला वाटायचं.

बाई गेल्या त्या २०१२ च्या उन्हाळ्यात. ते मी इथे लिहीत नाही. मला लिहायची आहे ती त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली सकाळ. बिजाची गाडी आली होती. नवा ड्रायव्हर पिशव्या आपटत होता म्हणून बाईंनी त्याला असं झापलं की पलीकडच्या बांधीतल्या बाया मान वर करून पाहायला लागल्या. मग पिशव्या पाण्यावर गेल्या, माणसं बसली, आणि बाईंनी गळ्याला हात लावला. अगदी बारीक आवाज काढून म्हणाल्या, "आज माहा गळा बसला. बाबू सांगन."

सगळे माझ्याकडे वळले. चाळीस-पन्नास माणसं असतील. पाण्यावर पिशव्या हलत होत्या.

मी सांगायला लागलो. आधी माझं नाव, कारण बाईंच्या नियमानं आधी आपलं सांगून टाकायचं असतं. त्यालाच बराच वेळ गेला. मग सांगितलं की, त्या साली बीज बाईंनी सोडलं नव्हतं. ड्रायव्हर सांगितला, त्याची बिडी, त्याचं क-क. त्याचं क-क सांगताना मला खरोखरच क आडवा आला आणि निघेचना, तो खोटा अडतो आहे की मी, हे कोणालाच कळेना. एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि मग मलाच हसू आलं. मी पाळीवर उभा राहून स्वतःला हसत होतो आणि क अजून निघत नव्हता. कोरड्या पिशव्या सांगितल्या, बेशरमाची झुडपं सांगितली, वांगं सांगितलं.

सदाशिवजी तेव्हा काठी घेऊन चालायचे. ते म्हणाले, "म्हंजे मी दोन वर्ष घड्याळ पकडून बसलो, ते तुह्यापायी?"

"मंडईले वांगं खाऊ घातलं गा यानं," दुसरं कोणी म्हणालं.

बस, एवढंच. दहा वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंच होतं. बाईंनी एक हात तलावात घातला, दुसरा पिशवीवर ठेवला, आणि गळा बसल्याचं विसरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सारखं झालं. सोडा. याची गोष्ट बिजाले मानवते, लांब चालते." खरंच, ऊन चांगलं वर आलं होतं.

माणसं पांगल्यावर त्या माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "चांगली झाली. पन थोडी कच्ची हाये."

मी विचारलं, कोणती बाजू?

"मीटिंगची," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

वही आता माझ्याकडे आहे, त्यांच्या भाचीनं आणून दिली. बावीसचं पान तसंच होतं. ही कच्ची बाजू सोडून ते भरता आलं असतं. मीटिंगमध्ये मी अडकलो असं वर लिहिलं आहे, पाळीवरही तसंच सांगितलं. ते खोटं आहे. माझ्या नावावर मी अडतो, क आणि चवर अडतो, पण 'मी' या शब्दावर आयुष्यात कधी अडलो नाही. तो शब्द दोनदा उच्चारून मी मुद्दाम थांबलो. आपण थांबलो की लोक नजर खाली घेतात आणि कोणी तरी मदतीला येतं, हे मला शाळेपासून माहीत होतं. बाईंनी पहिल्या दिवसापासून माझं बोलणं शेवटापर्यंत ऐकलेलं. मी कुठे अडतो आणि कुठे नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्या उठल्या तेव्हा जाणून उठल्या. आता हे लिहिताना गळा दाटतो का ते पाहिलं. नाही. उलट त्या दुसऱ्या 'मी'चा आव आठवून हसू येतं.

एवढं त्या एका पानावर मावलं नाही, म्हणून वेगळ्या कागदांवर लिहून आत ठेवतो आहे.

त्या सकाळी बाई पाळीवरून चालत गेल्या, पाठमोऱ्या, त्यांच्या रुंद खांद्यावर रिकाम्या पिशव्यांचा भारा. बेशरमाच्या झुडपांशी थांबून त्यांनी एकेक पिशवी झटकली आणि टांगली. सगळ्या आतून-बाहेरून ओल्या होत्या.